गणिताशी गट्टी : फरशीचा हिशेब

कुंडलशेजारच्या किर्लोस्करवाडीत पंप तयार होतात. तेथे काम करणाऱ्यांच्या मुलांना सहा बाजूंचा नट ओळखीचा असतो. सारखे नट एकमेकांना चिकटवून मांडा. दोन नटांमध्ये फट राहत नाही. कारण नटाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा. तीन कोन जुळले की ३६० पुरे होतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन मांडले तर ३२४ होतात, ३६ अंशांची फट उरते.

आता आकार मिसळू. दोन अष्टकोन व एक चौकोन : १३५ + १३५ + ९० = ३६०. फरशी बसली! सर्व बाजू सारख्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर तीच मांडणी, अशा मिश्र फरश्या फक्त आठ आहेत. केपलर या शास्त्रज्ञाने १६१९ सालच्या ग्रंथात त्या दिल्या.

पण नुसत्या बेरजेवर भुलू नका. दोन पंचकोन व एक दशकोन : १०८ + १०८ + १४४ = ३६०. एक कोपरा छान जुळतो. मात्र पंचकोनाच्या बाजूंना आलटून पालटून पंचकोन आणि दशकोन यावे लागतात. बाजू पाच, म्हणून शेवटी गाडी अडते. ठेक्याने काम घेणाऱ्या मिस्त्रीने एकाच कोपऱ्यावरून फरशी कापली, तर नुकसान त्याच्या मजुरीतून जाते.

जुन्या वहीचा पुठ्ठा कापा. एक त्रिकोण व दोन बारा बाजूंचे आकार जुळतात का, ते पाहा. घरात कोणी गवंडीकाम करीत असेल, तर त्यांनाही ही बेरीज करून दाखवा.