जगाचे नागरिक करा, पण आजीशी बोलू द्या



शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले की आमच्या बँकेच्या काउंटरवर मुदत ठेवी मोडणाऱ्यांची रांग लागते. पूर्वी ठेव मोडायची ती लेकीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी, नाहीतर आजारपणासाठी. आता ती साडेतीन वर्षांच्या मुलाच्या नर्सरी प्रवेशासाठी मोडतात. पावती करता करता आम्ही विचारतो, "एवढ्या पैशांत काय शिकवणार हो?" उत्तर ठरलेले असते, "ग्लोबल शाळा आहे साहेब. मूल जगाचं नागरिक होणार."

दुसऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण आम्हीही तेच केले. तालुक्याच्या गावी असलेल्या अशाच एका शाळेत आमच्या धाकट्या चिरंजीवांना घातले. वर्षअखेरीस स्नेहसंमेलन झाले. विषय होता 'जग एक कुटुंब'. प्रत्येक मूल एकेका देशाचा वेष करून आले होते. आमचे चिरंजीव जपान झाले. भाड्याच्या किमोनोत कमरेत वाकून त्याने जपानी नमस्कार म्हटला आणि टाळ्या पडल्या. हे पाहायला करजगीहून आई मुद्दाम आली होती. कार्यक्रम संपल्यावर तिने नातवाला जवळ घेऊन विचारले, "काय म्हणालास रे बाळा?" त्याने आधी बाईंकडे पाहिले आणि मग हळूच म्हणाला, "आजी, इथं मराठी बोलायचं नाही."

चौकशी केली तेव्हा कळले की, मराठी वा कन्नड बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात दिवसभर एक पाटी अडकवतात. एस.टी.त आई काही बोलली नाही. घरी जेवायला बसल्यावर एवढेच म्हणाली, "जपानातल्या आजीशी तरी बोलंल का रे ह्यो?"

त्या प्रश्नापायी हा लेख.

विश्वनागरिकत्व म्हणजे काय?

लहान मुलांना जगाची ओळख करून देऊ नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट ती बालवाडीपासून करून द्यावी, या मताचे आम्ही आहोत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा समावेश आहे. भारताच्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे. पण त्याच धोरणाने, शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. आमच्या शाळांच्या माहितीपत्रकात पहिली गोष्ट मोठ्या टायपात असते, दुसरी नसतेच.

वास्तविक १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा जो करार केला आणि १९९२ साली भारताने जो स्वीकारला, त्याचे एकोणतिसावे कलम प्रत्येक पालकाने वाचण्यासारखे आहे. शिक्षणाने मुलात कशाकशाबद्दल आदर निर्माण करावा, हे त्यात सांगितले आहे. मुलाचे आईवडील, त्याची संस्कृती, त्याची भाषा, तो राहतो त्या देशाची मूल्ये आणि आपल्याहून वेगळ्या संस्कृती, या सर्वांचा उल्लेख एकाच वाक्यात आहे. लगेच पुढच्या कलमात, भाषिक अल्पसंख्य मुलाला आपल्या समाजात आपली भाषा वापरण्याचा हक्क सांगितला आहे. म्हणजे जगाच्या पंचायतीनेच जे लिहून ठेवले आहे, त्याच्या नेमके उलट या 'ग्लोबल' शाळेत चालते. गळ्यात पाटी अडकवून विश्वनागरिक घडत नाही. आपल्या आजीची लाज वाटणारा माणूस मात्र घडतो.

जग खेड्यात कसे येते?

मादाम माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या. त्यांची पद्धत परदेशी आणि साधने महाग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो विचार घेतला, पण साधने आपल्या मातीतली वापरली. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांची साधने. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात त्या शाळा घेऊन गेल्या. जगातला उत्तम विचार खेड्यातल्या अंगणात रुजतो तो असा.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतील मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलते करण्याचा उपक्रम त्यांनी राबवला. हे कुठल्या वातानुकूलित शाळेत घडले नाही. सरकारी शाळेत घडले, जिथे फीसाठी कोणाला ठेव मोडावी लागत नाही.

आपली शिदोरी

आणि आपण जगाचे नागरिकत्व विकत का घ्यावे? आमच्या अफजलपूर तालुक्यातच भीमा-अमरजा संगमावर गाणगापूर आहे. तेथील श्रीनृसिंह सरस्वतींचे चरित्र म्हणजे गुरुचरित्र. मराठी घरांत त्याची पारायणे होतात, पण ते लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती, असे मानतात. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत, कन्नडात आणि हिंदुस्थानीत पदे रचली, आणि सर्व मतांना मान देणारा सकलमत संप्रदाय चालवला. कलबुर्गीत ख्वाजा बंदे नवाजांचा दर्गा आहे. बसवकल्याण हे बसवण्णांचे. बीदरचा मदरसा १४७२ साली उभारणारा महमूद गवान इराणातून आलेला. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितले ते सगळ्या विश्वासाठी. या मातीतले मूल घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारच्या चाचांशी दखनी बोलत मोठे होते. तीन भाषांत माणसे जोडणारे हे पोर विश्वनागरिक नव्हे, तर कोण?

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. ही आपली स्थावर मालमत्ता आहे. ती खात्यावरून खोडून टाकायची आणि भाड्याचा किमोनो जमेस धरायचा, याला ताळेबंद म्हणत नाहीत.

एक शंका

काही जुनी मंडळी विचारतील, "आपण सीमाभागातली माणसं. विश्वाच्या गोष्टी करत बसलो तर आपल्या मागणीचं काय?" शंका रास्त आहे. १९५६च्या १ नोव्हेंबरला आपण हैदराबाद राज्यातून निघून म्हैसूर राज्यात पडलो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो आपल्या गतीने चालला आहे. पण त्या वर्षी पहिलीत गेलेले मूल आज स्वतःच्या मुलाला बालवाडीत घालण्याच्या वयाचे झाले आहे. दाव्यासाठी मुलाचे बालपण थांबत नाही. निकाल उद्या आपल्या बाजूने लागला आणि घरातल्या मुलांना मराठी वाचताच येत नसले, तर तो निकाल वाचणार कोण?

दुसरेही स्पष्ट सांगतो. कन्नडचा दुस्वास करून मराठी टिकत नाही. कर्नाटकात २०१५च्या कायद्याने शाळेत कन्नड शिकणे सक्तीचे आहे. ते आपल्या मुलांनी मनापासून शिकावे. शेजाऱ्याची भाषा हा विश्वनागरिकत्वाचा पहिला धडा, जपानी नमस्कार नंतरचा. मात्र १९५६ साली घटनेत घातलेल्या ३५०-अ या कलमाने, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले आहे. ते मागताना आवाज खाली करण्याचे कारण नाही. महाराष्ट्राची बालभारती कन्नड माध्यमाची पुस्तके काढते, अक्कलकोट-जतच्या कन्नड मुलांना ती मिळतात. तोच न्याय इकडच्या मराठी मुलांना मिळावा.

करायचे काय?

संघटनेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, जिथे सरकारी मराठी शाळा आहेत तिथे शिक्षकांच्या रिकाम्या जागांची यादी करून निवेदन द्यावे, आणि आपली मुले तिथे घालावीत. पट नसेल तर शिक्षक मागायचे कोणत्या तोंडाने? दुसरी, जिथे मराठी शाळा नाही तिथे संघटनेने संध्याकाळची बालवाडी चालवावी. गाणी, गोष्टी, पाढे मराठीत, आठवड्यातून एक दिवस कन्नड गोष्टी आणि एक दिवस पृथ्वीचा गोल. शंभर घरांनी महिना शंभर रुपये दिले तर वर्षाला एक लाख वीस हजार होतात. एका ताईंचे मानधन आणि खाऊ त्यातून भागेल. तिसरी, अक्कलकोटकडच्या एखाद्या कन्नड शाळेशी वर्षातून एकदा मुलांची अदलाबदल करावी. त्यांची मुले आपल्याकडे दोन दिवस, आपली त्यांच्याकडे. सीमेच्या दोन्ही अंगांना अल्पसंख्य असलेली ही मुले एकमेकांचे दुःख मोठ्यांपेक्षा लवकर समजतील.

चिरंजीवांना आम्ही त्या शाळेतून काढले. सोपे नव्हते, भरलेली फी परत मिळाली नाही. ती रक्कम बुडीत खात्यात टाकली. परवा करजगीला गेलो तेव्हा तो आजीला पृथ्वीच्या गोलावर जपान दाखवत होता, मराठीत. आजीने विचारले, "आणि आपली करजगी कुठं हाय?" त्याने बराच वेळ शोधले. गोलावर ती नव्हती, तेव्हा पेन्सिलीने एक ठिपका दिला.

तो ठिपका पुसू देऊ नका, एवढीच हात जोडून विनंती.