समजून घ्या : जंगली चिंपांझींना माणसाची सवय लावतात कशी? पन्हाळ्याच्या माकडांशी त्याचा काय संबंध?

पन्हाळ्यावर माकडांना शेंगदाणे देत रील काढणारे हमखास दिसतात. जुलै 2025 मध्ये गड जागतिक वारसा यादीत गेला, म्हणजे पर्यटक वाढणारच. माकडानं हातातली पिशवी ओढली की आपण म्हणतो, ‘माणसाळलंय!’ संशोधकही जंगली प्राण्यांना माणसाची सवय लावतात. पण त्यांना हवं असतं ते नेमकं उलट.

सवय लावणं म्हणजे काय?

रोज कळपाच्या जवळ जायचं, शांत बसायचं, काही द्यायचं नाही. प्राणी आधी पळतात, मग लांबून बघतात, शेवटी दुर्लक्ष करतात. ते दुर्लक्ष हेच यश. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात बोश दाम्पत्यानं 1979 पासून चिंपांझींबाबत हेच केलं. खाऊ न देता. त्याला पाचेक वर्षं लागली.

मग केळी कुणी दिली?

जेन गुडाल यांनी. 1960 मध्ये टांझानियातल्या गोंबे इथं त्या गेल्या, तेव्हा चिंपांझी दुरूनच पळायचे. पुढे केळी ठेवल्यावर ते छावणीतच येऊ लागले. निरीक्षण सोपं झालं, पण केळ्यांवरून भांडणंही वाढली. मीटर जोडला की सर्किटच थोडं बदलतं, हे इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये शिकवतात. इथं तर बरंच बदललं. शेवटी केळी कमी करत बंद करावी लागली.

आपल्याकडे असं काही झालं?

कोल्हापूरहून बेळगावमार्गे महामार्गानं पुढे गेलं की धारवाड लागतं. तिथं 1961 पासून युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं वानरांचे कळप अभ्यासले. बाहेरच्या नरानं कळप ताब्यात घेतल्यावर पिल्लं मारली जातात, ही त्यांची नोंद जगभर गाजली. त्यावर वादही झाला: हे नैसर्गिक की माणसाच्या गर्दीचा परिणाम? 1971 पासून अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी नैसर्गिक बाजू मांडली. आज बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं आहेत. सुगियामा नंतर गिनी देशातल्या बोसूच्या चिंपांझींकडे वळले.

धोका कुणाला?

मुख्यतः प्राण्यांना. ताईत 1999 ते 2006 दरम्यान श्वसनाच्या साथींत चिंपांझी दगावले. त्यांच्यात माणसाचे विषाणू सापडले, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे सर्दी नेणारे बहुधा आपणच. दुसरीकडे, माणसाला न घाबरणारा चिंपांझी शिकाऱ्यालाही घाबरत नाही. तरीही संशोधक असलेल्या भागात शिकार कमी होते, असंही ताईत दिसलं. त्यामुळे अभ्यास थांबला नाही, नियम कडक झाले: मास्क लावायचा, किमान 7 मीटर लांब राहायचं, आजारी असाल तर जंगलात जायचंच नाही. कोविड आल्यावर 2020 मध्ये हे अंतर 10 मीटर करण्याचा सल्ला दिला गेला.

गडावर काय करायचं?

हातावरून शेंगदाणे देताना अंतर उरतं शून्य. शिवाय हे माकड दुर्लक्ष करायला नव्हे, मागायला शिकतं; नाही मिळालं तर हिसकावतं. म्हणून खाऊ बॅगेत बंद ठेवा. माकड समोर आलं तर डोळ्यांत रोखून बघू नका, त्याला ती धमकी वाटते. पिल्लू असलेल्या मादीपासून लांब राहा. पिशवी ओढलीच तर सोडून द्या. चावा घेतला तर जखम लगेच साबण-पाण्यानं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जा.