सत्तांतराची कसोटी

राज्य जिंकण्यास शौर्य पुरते. ते टिकविण्यास मात्र सत्तांतराचा सर्वमान्य नियम लागतो. इराणातील मंगोल राजवटीचा इतिहास हेच सांगतो.

चंगीझखानाचा नातू हुलागू याने १२५८ मध्ये बगदाद जिंकून इराणात इलखानी सत्ता दृढ केली. तथापि गादीवर हक्क भावाचा की मुलाचा, हे निश्चित झाले नाही. राजपुत्र व सरदार यांची सभा नवा खान निवडीत असे. पण अखेरचा निर्णय पुष्कळदा तलवारच देई. १२८४ मध्ये अर्घूनने आपला चुलता तेगुदेर याला पदच्युत करून ठार करविले. १२९५ या एकाच वर्षी गैखातू व बायदू हे दोन शासक मारले गेले.

कर्तबगार राजा लाभला की पुरे, असे कोणी म्हणेल. तसा राजा लाभलाही. बायदूनंतर आलेल्या गाझानने वजीर रशीदुद्दीनच्या साहाय्याने करवसुलीला शिस्त लावली. परंतु वारसाचा स्थायी नियम त्याच्या काळातही झाला नाही. १३३५ मध्ये अबू सईद पुत्राविना मरण पावला आणि थोड्याच वर्षांत राज्याचे तुकडे झाले.

एका राजाचे कर्तृत्व त्याच्या आयुष्याइतकेच टिकते; नियम मात्र पिढ्यांना तारतो. सत्ता शांततेने सोपविता येणे, हीच राज्याच्या बळाची खरी कसोटी होय.