घामाच्या रेघा

करकंबला आमच्या अण्णामामांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी वर्तमानपत्राचे जाहीर वाचन होते. कोलकात्याच्या डॉक्टर मुलीवरील अत्याचाराचे प्रकरण त्या ओट्यावर महिनोन् महिने चालले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आरोपीची 'पॉलिग्राफ' चाचणी झाल्याचे वाचले आणि मामांनी मांडीवर थाप मारली. "झाले! आता असले एकेक यंत्र प्रत्येक ठाण्यात ठेवा. खोटे लागलीच पकडेल!"

खोटे पकडणारे यंत्र अजून कोणी केलेले नाही. छातीला पट्टे, दंडाला रक्तदाबाची पट्टी, बोटांना चकत्या. त्यावरून श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या रेघा निघतात. रेघ उसळली म्हणजे माणूस आतून हलला, एवढेच कळते. कशाने हलला, ते रेघ सांगत नाही. आमच्यासारख्याची तर ठाण्याची पायरी चढतानाच उसळेल! इंग्लंड-वेल्समध्ये देखरेखीखाली सुटलेल्या धोकादायक लैंगिक गुन्हेगारांना २०१४ पासून ही चाचणी द्यावी लागते. तिथे यंत्राच्या धाकाने ते पुष्कळ काही आपण होऊन सांगतात. धाक म्हणून ठीक. पुरावा म्हणून नव्हे. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये या चाचण्यांची सक्ती चालवून घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात ती मोडीत काढली. आरोपीची संमती हवी, आणि संमतीने घेतली तरी तिचा निष्कर्ष हा पुरावा नव्हे.

हे ऐकून मामा म्हणाले, "बरे, मग फिर्याद करणाऱ्या मुलीलाच बसवा यंत्रावर. खरी असेल तर भीती कसली?"

चहा घेऊन आलेली सूनबाई उंबऱ्यातच थांबली. "अण्णा, जिला नुसते आठवले तरी कापरे भरते, तिची रेघ सरळ कशी येईल हो?"

ओटा गप्प झाला. त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी बजावले आहे, की अत्याचार झालेल्या स्त्रीवरही अशी सक्ती करता येणार नाही. तो तिच्या मनावरचा दुसरा घाला ठरेल. अमेरिकेत तर पोलीस बायकांना आधी यंत्रावर बसा म्हणत, म्हणून २००५ च्या कायद्याने त्याला आळा घालावा लागला.

१८ जानेवारी २०२५ ला कोलकात्याचा आरोपी दोषी ठरला, तो डीएनए तपासणीसारख्या पुराव्यांवर. मामांनी ती बातमी दोनदा वाचली. मग सूनबाईला ओट्यावर बोलावून तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवली.