शेवटचा दिवस कोरडा ठेवा

जबलपूरच्या माणसाला पाण्याचे अप्रूप नाही. ग्वारीघाटावर दिवे सोडायला नर्मदा आहे, भेडाघाटला धुवांधारचे तुषार अंगावर घेता येतात, बरगीच्या जलाशयात नावेतून फिरता येते. नाही तो फक्त समुद्र. तरीही मालवण, गोवा किंवा अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंगचे रीतसर शिक्षण घेतलेली, तीस-चाळीस बुड्यांची नोंद वहीत असलेली जोडपी आता अशा शहरांतही भेटतात. त्यांचे प्रश्न नवशिक्यांपेक्षा वेगळे असतात. पाण्याची भीती गेलेली असते, उपकरणे ओळखीची असतात. अडचण असते ती रजेची. वर्षातून एकदा मिळणारी आठवड्याची सुट्टी, त्यातले जाण्या-येण्याचे दिवस आणि उरलेल्या वेळात जास्तीत जास्त बुड्या मारून घेण्याची हौस. धोका नेमका या हौसेत दडलेला आहे.

म्हणून अशा सहलीचा आराखडा निघण्याच्या दिवसापासून मांडू नका. परतीच्या विमानापासून उलटा मांडा.

कुठे जावे?

मालवण-तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. सराव ताजा करायला ते चांगले. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट कोकण रेल्वेने गाठता येते. तिथे पावसाळ्यात बुड्या बंद असतात. लक्षद्वीप सुंदर आहे, पण तिथे जाण्यासाठी भारतीयांनाही परवाना काढावा लागतो, म्हणून तयारी बरीच आधी सुरू करावी लागते. ज्यांना अनुभवाला साजेशी खोली आणि बेटावरचा मुक्काम दोन्ही हवे, त्यांची पावले बहुधा अंदमानकडे वळतात.

अंदमानातले हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप झाले आणि शेजारचे नील बेट शहीद द्वीप. राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे बदलले. तिकिटे काढताना जुनी-नवी दोन्ही नावे दिसतील, गोंधळून जाऊ नका. हॅवलॉकजवळ डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार अशी खोल पाण्यातली ठिकाणे आहेत. ती केवळ प्राथमिक प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी नाहीत. ३० मीटरपर्यंत जाण्याचे प्रगत प्रशिक्षण आणि प्रवाहात स्थिर राहण्याचा सराव हवा. जानेवारी ते एप्रिल हे महिने साधारणपणे शांत समुद्राचे. पावसाळ्यात जाऊ नये.

उलटा हिशेब

समजा, जबलपूरचे एक जोडपे शनिवारी निघून पुढच्या रविवारपर्यंत घरी येणार आहे, म्हणजे रजा पाच दिवसांची. आता शेवटाकडून मोजू या.

रविवार मोकळाच ठेवायचा. जोडविमान चुकले, समुद्र खवळून बोट रद्द झाली, तर हाच दिवस उपयोगी पडतो. शनिवारी जबलपूरला घरी. शुक्रवारी सकाळी अंदमानहून चेन्नई किंवा कोलकात्याचे विमान. गुरुवारी हॅवलॉकहून बोटीने श्री विजयपुरमला परत आणि तिथेच मुक्काम. विमानाच्या दिवशी सकाळी बोट पकडण्याचा जुगार खेळू नये. मग बुड्यांसाठी उरले सोमवार, मंगळवार, बुधवार. रविवार हॅवलॉकला पोहोचण्यात जाईल आणि पहिला शनिवार चेन्नई किंवा कोलकाता गाठण्यात.

नऊ दिवसांच्या सहलीत समुद्राचे दिवस फक्त तीन! रोज दोन धरल्या तर सहा बुड्या. ऐकायला कमी वाटते. इथेच नवरा-बायकोपैकी कोणीतरी म्हणते, "गुरुवारी सकाळी लवकर एक बुडी मारून दुपारची बोट पकडली तर?"

गुरुवारची ती बुडी

हिशेब करून पाहा. गुरुवारी दहा वाजता पाण्याबाहेर आलात आणि शुक्रवारी सकाळी आठला विमान सुटले, तर मध्ये बावीस तास मिळतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या प्रचलित मार्गदर्शनाप्रमाणे एकाच साध्या बुडीनंतर विमानप्रवासापूर्वी किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणे सक्तीचे असेल अशा बुडीनंतर त्याहून बरेच जास्त अंतर ठेवावे. म्हणजे कागदावर बावीस तास चालतात.

पण 'किमान' या शब्दाकडे लक्ष द्या. ही मर्यादा पाळली की धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. बोट उशिरा आली, बुडी ठरल्यापेक्षा खोल झाली, दुपारचे विमान सकाळचे झाले, की मधले अंतर आटत जाते. म्हणून पूर्ण २४ तासांचा नियम सरळ आणि लक्षात ठेवायला सोपा. शेवटचा दिवस संपूर्ण कोरडा ठेवला की घड्याळाकडे बघत बसावे लागत नाही.

यामागचे कारण थोडक्यात असे. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत मुरत जातो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, पण त्याला तास लागतात. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, साधारण दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना एकाएकी दाब उतरला तर गोळी सोड्याची बाटली फोडल्यावर होते तसे होते: बुडबुडे. सांध्यात ते दुखणे आणतात, मज्जारज्जूत गेले तर पाय लुळे पाडू शकतात.

मालवणहून मोटारीने परतणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. वरचे मार्गदर्शन सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू धरले जाते आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. सकाळी दोन बुड्या आणि संध्याकाळी घाट, हा बेत विमानाइतका धोक्याचा नसला तरी शहाणपणाचाही नाही. रात्र किनाऱ्यावर काढून दुसऱ्या दिवशी घाट चढावा.

पहिली बुडी उथळच

समुद्रापासून दूर राहणाऱ्या अनुभवी डायव्हरची एक खास अडचण असते. प्रमाणपत्र कायम असते, पण शेवटची बुडी दीड-दोन वर्षांपूर्वीची. हात विसरलेले असतात. कमरेला शिसे किती लागते, मुखवट्यात शिरलेले पाणी कसे काढायचे, जोडीदाराची हवा संपली तर पहिली हालचाल कोणती, हे सारे डोक्यात असते, अंगवळणी राहिलेले नसते.

निघण्यापूर्वी महिनाभर शहरातल्या तरणतलावात नियमित पोहा, दम वाढवा. रक्तदाब, दमा, कानाचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. बेटावर पहिली बुडी दहा-बारा मीटरचीच ठेवा आणि तिथे मुखवटा, हवेची नळी, तोल या तिन्हींची उजळणी करा. खोल ठिकाणे दुसऱ्या दिवशी. रोजची पहिली बुडी खोल, दुसरी उथळ. सर्दीने नाक बंद असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. औषधाने नाक मोकळे करून उतरलात आणि खाली औषधाचा अंमल संपला तर कान फाटण्याची वेळ येते.

नायट्रॉक्सचे शिक्षण घेतले असेल तर त्याचा उपयोग आहे, कारण त्यात नायट्रोजन कमी असतो. पण ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने साधारण ३३ मीटरच्या खाली जायचे नसते. नायट्रॉक्स घेतला म्हणून विमानापूर्वीचे अंतर कमी करू नका.

बॅगेत काय, कागद कोणते?

मुखवटा, डायव्ह कॉम्प्युटर आणि वर येताना सोडायचा खुणेचा फुगा स्वतःचा न्या; बाकी जड सामान तिथे भाड्याने मिळते. कॉम्प्युटरची बॅटरी घरीच बदला. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्या लागतात. प्रमाणपत्र आणि बुड्यांची वही सोबत हवी. आरोग्य विम्याच्या कागदांत साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हे वाचून घ्या. वगळले असतील तर डायव्हिंगचा वेगळा विमा काढा.

केंद्र ठरवताना दरापेक्षा आधी तीन गोष्टी विचारा. बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो का? एका मार्गदर्शकामागे किती जण असतात? आणि दाबाच्या उपचाराची सर्वात जवळची सोय कुठे आहे? उत्तर अडखळत आले तर दुसरे केंद्र पाहा.

खाली गेल्यावर प्रवाळाला हात लावू नका, शंख-शिंपले उचलू नका. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. अंदमानातल्या प्रवाळांनी २०१० मध्ये समुद्र तापल्याने मोठा फटका सोसला आहे. त्यात आपल्या पायांच्या फटक्याची भर नको.

घरी आल्यावर

सांधे ठणकणे, हातापायांना मुंग्या, चक्कर, अंगावर चट्टे, न ओसरणारा थकवा ही लक्षणे बहुधा पहिल्या चोवीस तासांत दिसतात. पुष्कळ जण ती सामान उचलल्याचा शीण म्हणून अंगावर काढतात. बेटावर असताना असे झाले तर लगेच केंद्राला सांगा, आडवे व्हा, ऑक्सिजन घ्या आणि डॉक्टरांनी होकार देईपर्यंत विमानात बसू नका. घरी पोहोचल्यावर झाले तर डॉक्टरांना पहिलेच वाक्य हे सांगा: "मी अमुक दिवशी समुद्रात इतक्या मीटर खोल गेलो होतो." नर्मदाकाठच्या डॉक्टरला ते आपणहून कसे सुचणार? घरी मुले किंवा वडीलधारी माणसे असतील तर त्यांनाही परतीचा कार्यक्रम आणि केंद्राचा फोन नंबर लिहून द्या.

आणखी एक करार निघण्यापूर्वीच करा. दोघांपैकी एकाने "आज नको" म्हटले तर दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. पैसे भरलेले असोत, बोट तयार असो, पुढच्या वर्षीची रजा अनिश्चित असो. पाण्याखाली जोडीदाराच्या भरवशावर राहायचे तर पाण्यावरही त्याचा शब्द मानायला हवा.

राहिला गुरुवारचा कोरडा दिवस. तो वाया जात नाही. श्री विजयपुरमला सेल्युलर जेल आहे, जिथे सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत बंदी होते. मराठी माणसाने अंदमानात जाऊन तिथली कोठडी न बघता परतणे बरे दिसत नाही. दुपार तिथे घालवा, भरपूर पाणी प्या, रात्री लवकर झोपा. सहाच बुड्या झाल्या म्हणून हळहळू नका. सातवी पुढच्या वर्षी आहेच.