आंकड्यांची विद्या आणि पुणें शहर

जें शहर विद्येचें माहेरघर म्हणून आपली पाठ आपणच थोपटून घेतें, त्या शहराला आपल्या पोटांत काय चाललें आहे हेंच ठाऊक नसावें, यापरतें दुर्दैव तें कोणतें? पुण्यांत आज ‘डेटा सायन्स’ या नांवाचें पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्थांची वाण नाहीं. दरसाल कितीतरी तरुण-तरुणी आंकड्यांच्या विद्येंत पारंगत होऊन बाहेर पडतात. परंतु भवानी पेठेंतील एखाद्या बोळांत नळाला पाणी किती वाजतां येतें व किती वेळ टिकतें, हें यांपैकीं किती जणांनीं स्वतः जाऊन पाहिलें असेल? आमचें म्हणणें असें कीं, ज्या शहराच्या आश्रयानें ही विद्या पोसली जाते, त्याचें ऋण फेडण्याची तरतूद जोंवर तिच्या अभ्यासक्रमांत नाहीं, तोंवर ती विद्या अपुरी आहे. मग तिच्या पदवीला बाजारांत कितीहि मोल येवो.

आंकड्यांच्या साह्यानें नगरजीवन सुधारणें हा विषय परदेशांतून यावयाचा आहे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. न्यूयॉर्क विद्यापीठानें २०१२ सालीं नगरविज्ञानाचें स्वतंत्र केंद्र काढलें, ही गोष्ट कौतुकानें सांगितली जाते. तें कौतुक रास्तच आहे. पण घरचा इतिहास विसरून तें करूं नये. मुंबई विद्यापीठानें १९१९ सालीं समाजशास्त्र व नागरशास्त्र यांचा मिळून जो विभाग उघडला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस होते. आधीं पाहणी आणि मग योजना, हा त्यांचा आयुष्यभर आग्रह होता. त्यापूर्वीं दोन वर्षें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांसह केलेल्या पिंपळे सौदागर या गांवाच्या पाहणीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, कर्जाचें ओझें किती आहे, हें त्यांनीं गांवांत बसून तपासलें. आज तेंच गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत उंच इमारतींच्या गर्दींत हरवून गेलें आहे.

खुद्द पुणें शहराविषयीं बोलावयाचें तर १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचें ऋण मानल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं या संस्थेनें १९३६-३७ सालीं शहरांतील कुटुंबांची पाहणी केली. कोण काय धंदा करतो आणि त्याच्या हातीं किती पडतें, हें पाहणाऱ्यांनीं लोकांच्या घरीं जाऊन विचारलें. आर्थिक भाग १९४५ सालीं आणि सामाजिक भाग १९५२ सालीं ग्रंथरूपानें निघाला. एवढ्यावर न थांबतां संस्थेनें १९५४ सालीं फेरपाहणी केली. सोवनी, आपटे व पेंडसे यांचा त्यावरील ग्रंथ १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. पाहणी आणि ग्रंथ यांत वर्षानुवर्षें गेलीं, हा दोष म्हणावा तर म्हणावा. कारण सर्व बेरजा माणसांनीं हातानें करावयाच्या होत्या. आज तीच बेरीज यंत्र क्षणांत करतें. मग यंत्र हातीं आल्यावर पाहणीचा उत्साह वाढावयाचा, तो मावळला कां?

याचें एक उत्तर आम्हांस असें दिसतें कीं, मोजण्याचें काम यंत्राकडे सोंपविलें म्हणजे माणसानें चालावयाचें कारण उरत नाहीं, असा आमचा समज झाला आहे. यंत्राची निंदा आम्हांस करावयाची नाहीं. पुण्यांतील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘सफर’ ही योजना २०१३ सालीं पुण्यांत आणली आणि शहराची हवा कितपत दूषित आहे हें रोज कळूं लागलें, हा मोठाच लाभ आहे. परंतु ती हवा चौकांत उभें राहून दिवसभर कोण छातींत ओढून घेतो, त्याला खोकला झाला म्हणजे तो कोणत्या दवाखान्यांत जातो आणि त्या दिवसाची मजुरी त्याला कोण देतो, हें यंत्र सांगत नाहीं. यंत्राचा दुसरा दोष असा कीं, तें जेथें बसवावें तेथेंच पाहतें. स्मार्ट सिटी योजनेचीं कामें २५ जून २०१६ रोजीं पुण्यांतून समारंभानें सुरू झालीं आणि ती योजना ३१ मार्च २०२५ रोजीं देशभर संपली. तींत पुण्यानें विशेष विकासासाठीं निवडलेला भाग कोणता? औंध, बाणेर आणि बालेवाडी! जेथें आधींच समई तेवत होती, तेथेंच आणखी एक दिवा लावण्याचा हा प्रकार झाला.

दुसरा पक्ष असा कीं, माहिती पुरेशी आहे. उणीव आहे ती कर्त्या लोकांच्या इच्छेची. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच आहे. माहिती पुरेशी आहे हें गृहीतच चुकीचें आहे. २०११ च्या खानेसुमारींत पुणें महानगरपालिकेची वस्ती ३१,२४,४५८ भरली. त्यानंतर २०१७ सालीं अकरा आणि २०२१ सालीं तेवीस गांवें शहरांत आलीं. आणि २०२१ सालीं व्हावयाची खानेसुमारी त्या सालीं झालीच नाहीं! घरांत जेवणारीं माणसें किती हें न मोजतां किती पाणी, किती शाळा आणि किती खाटा लागतील याचा हिशेब मांडणाऱ्या गृहिणीला आपण काय म्हणूं?

याचा परिणाम कागदावरच राहिला असता तर आम्ही एवढें लिहिलें नसतें. जानेवारी २०२५ मध्यें पुण्यांत गिलियन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रोगी एकाएकीं वाढूं लागले. निश्चित व संशयित मिळून त्यांची संख्या दोनशेंवर गेली, कांहीं दगावले. रोगी प्रामुख्यानें सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या बाजूचे निघाले. कित्येकांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यावाटे पोटांत जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतु सांपडला आणि नांदेड गांवच्या विहिरीकडे बोट गेलें. नांदेड व किरकटवाडी हीं दोन्हीं गांवें २०२१ सालींच शहरांत घेतलेलीं होतीं. गांव हद्दींत घेण्यास एक सरकारी हुकूम पुरतो. त्या गांवचें पाणी निर्धोक आहे कीं नाहीं हें जाणण्यास मात्र कोणीतरी बाटली घेऊन महिन्याच्या महिन्याला त्या विहिरीवर आणि तिच्या पाण्यावर चालणाऱ्या नळांवर जावें लागतें. पुण्याच्या कॉलेजांतून आंकड्यांची विद्या शिकणारांपैकीं दहा जणांना जरी हें काम अभ्यास म्हणून नेमून दिलें असतें, तरी धोक्याची सूचना आधीं मिळण्याची संधि होती. लंडनच्या सोहो भागांत १८५४ सालीं पटकीची सांथ आली तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृतांच्या घरांचा शोध घेऊन ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे संशय नेला. तेथील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनीं ओळखीच्या घरोघरीं चौकशी करून त्या संशयाला बळकटी आणली. नकाशा आणि ओळख या दोहोंनीं मिळून तें काम झालें.

ओळखीवांचून माहिती काढूं गेल्यास काय होतें, हें पुणेकरांस वेगळें सांगावयास नको. १८९७ च्या प्लेगांत रोगी शोधण्यासाठीं शिपाई घरांत शिरले, तेव्हां लोक रोगी लपवूं लागले; आणि त्या जुलुमाचा शेवट रँडच्या खुनांत झाला. माहिती विश्वासानें मिळते, आणि तिचा उपयोग आपल्या भल्यासाठीं होणार अशी खात्री पटल्यावरच लोक ती मोकळेपणानें देतात. याचें उलट उदाहरणहि याच शहरांत आहे. कागद-काच-पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ सालीं उभी राहिली, तींत महिला विद्यापीठाच्या अध्यापिका अग्रभागीं होत्या. या स्त्रिया पालिकेचा किती खर्च वांचवितात, याचा हिशेब २००१ सालच्या एका पाहणींत मांडला गेला. ज्यांना समाज कचऱ्यांतच धरीत होता, त्यांच्या श्रमाला त्यामुळें रुपयांत बोलतां आलें; आणि त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशीं पालिकेनें २००८ सालीं करार केला. इच्छा नाहीं म्हणून रडणारांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं योग्य आंकडा योग्य माणसाच्या हातीं पडला म्हणजे तो इच्छा उत्पन्न करूं शकतो.

आतां शेवटचा आक्षेप आमच्या वाचकांच्याच घरचा आहे. ‘मुलानें लाखों रुपये फी भरून बोळांतून हिंडावें, तर नोकरी कोण देईल?’ आईबापांची ही काळजी आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. परंतु अपुऱ्या, चुकीच्या आणि परस्परविरुद्ध माहितींतून सत्य निवडून काढण्याची कसोटी ज्यानें एका पेठेंत दिली, तो कोणत्याहि पेढीवर कमी पडणार नाहीं. तयार, धुतलेले आंकडे गिरवून शिकलेला मात्र पहिल्याच खऱ्या अडचणीशीं थांबतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णालयांत पाय न ठेवतां पदवी द्या असें कोणी म्हणत नाहीं. मग शहराच्या वैद्यालाच ही सूट कां?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आंकड्यांच्या विद्येची पदव्युत्तर पदवी देणाऱ्या पुण्यांतील प्रत्येक संस्थेनें विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे एक प्रभाग वर्षभर सोंपवावा. पाणी, कचरा, दवाखाना, शाळा यांपैकीं एका प्रश्नाची पाहणी त्यांनीं पायीं फिरून करावी. निष्कर्ष मराठींत लिहून त्याच प्रभागांतील लोकांपुढें वाचून दाखवावे आणि त्यांनीं दाखविलेल्या चुका दुरुस्त कराव्या. माहिती देणाऱ्यांचीं नांवें गुप्त राहावींत. पालिकेनें आपल्या दप्तरांतील आंकडे या कामासाठीं खुले करावे आणि प्रत्येक पाहणीला मुदतींत लेखी उत्तर द्यावें. दहा वर्षांनीं तीच पाहणी पुन्हां व्हावी. यांतील एकहि गोष्ट पैशावांचून अडणारी नाहीं.

गाडगीळांच्या काळीं संगणक नव्हते आणि शहर मोजलें गेलें. आज संगणक घरोघरीं आहेत. तेव्हां शहर अज्ञात राहिलें तर त्याचा जाब यंत्रांना विचारतां येणार नाहीं. तो विद्यापीठांना, पालिकेला, आणि मुलांना कोणती विद्या घ्यावी हें सांगणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनाच द्यावा लागेल.