बाबागाडी आणि आपली संस्कृती

"एवढ्याशा पोराला घेऊन त्या थंडीत? अगं ते लोक वेगळे, त्यांची संस्कृती वेगळी. त्याला ठेव आईकडे, नाहीतर तू तरी जाऊ नकोस."

निघायच्या आधी महिनाभर हे इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी मी फोनवर नुसतं "हो मावशी, हो काकू" म्हणायचे. आता परत येऊन चार महिने झालेत, जेट लॅग उतरलाय, तेव्हा उत्तर देते. मावशी, काकू, वाचत असाल तर रागवू नका, पण ऐका.

नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. गेल्या वर्षी त्याला सहा महिन्यांसाठी जर्मनीत वोल्फ्सबुर्गला जायचं होतं. पोरगा तेव्हा दहा महिन्यांचा. माझा पहिलाच परदेश प्रवास, त्याचा तर कुठलाच पहिला प्रवास!

घरच्यांचं हुकमी अस्त्र म्हणजे नॉर्वे. 2011 साली तिथे एका भारतीय जोडप्याची दोन्ही मुलं सरकारने ताब्यात घेतली. हाताने भरवण्यावर, जवळ घेऊन झोपण्यावरही आक्षेप घेतला, असं आईबापांचं म्हणणं होतं. 2012 मध्ये ती मुलं भारतात काकांकडे आली. पुढे 2023 मध्ये राणी मुखर्जीचा सिनेमा आला आणि आमच्या घरातल्या प्रत्येक काकूला परदेशातले बालकल्याणाचे कायदे तोंडपाठ झाले. हसण्यावारी नेत नाहीये मी. पहिला आठवडा मीसुद्धा पोराला वरणभात भरवताना खिडकीचा पडदा ओढून घेत होते. खाली कुणी मोठ्याने बोललं तरी छातीत धस्स व्हायचं. ते पडदे ओढून भरवलेले घास मी विसरणार नाही.

पण मग बाहेर पडले, आणि माझी गोची वेगळीच झाली.

वोल्फ्सबुर्ग म्हणजे काही पॅरिस नव्हे. 1938 साली फोक्सवॅगनच्या कारखान्यासाठी वसवलेलं गाव. स्टेशनातून बाहेर आलं की कालव्यापलीकडे कारखान्याची चार धुराडी समोर. म्हणजे आपल्यासारखंच, कामगारांचं, पाळ्यांचं, गाड्यांचं गाव. म्हणून तर राग येतो. एखाद्या राजधानीशी तुलना केली असती तर गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी बाबागाडी घेऊन बसस्टॉपवर उभी होते, घामाघूम, की आता ही घडी करू का पोराला धरू. बस आली, फुटपाथच्या बाजूला थोडी झुकली, दार उघडलं, मी गाडी ढकलत आत गेले. आत बाबागाडीची जागा आखलेली. कुणी वळूनही पाहिलं नाही. आगगाडीतही लहान मुलांसाठी वेगळा डबा, म्हणजे छोटी खोलीच. डीएम नावाच्या दुकानात लंगोट बदलायला टेबल, वर डायपर फुकट ठेवलेले. सहा महिन्यांत मी एकटी, पोराला घेऊन, रोज बाहेर पडले. रोज! लग्नानंतर एवढी एकटी कधी फिरले नव्हते.

आता तिकडचं गुणगान पुरे. आमच्या इमारतीत सहा महिन्यांत एकानेही पोराला उचलून घेतलं नाही. हसायचे, नाव विचारायचे, संपलं. रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान, खेळायला कुणी नाही. रडू यायचं अशा संध्याकाळी. फक्त एकदा बसमधल्या एका आजीने स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवत मला चांगलंच झापलं. भाषा कळली नाही पण मुद्दा कळला, पोराची कानटोपी कुठाय! मला थेट आमच्या मोठ्या काकूच भेटल्यासारख्या वाटल्या :)

असो. तर आता मोशी.

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून भाजीवाल्यापर्यंत साधारण तीनशे पावलं. फुटपाथ आहे, नाही असं नाही. पण तो गुडघ्याएवढा उंच, वर चढायला उतार नाही. पुढे मधोमध डीपी. मग दुचाकी लावलेल्या. मग फुटपाथच संपतो, आणि तुम्ही थेट रस्त्यावर, बाजूने पाण्याचा टँकर. पलीकडे नाशिक रस्ता, चाकणचे कंटेनर. बाबागाडी मी दोनदा नेली. दुसऱ्यांदा एका भल्या माणसाने गाडी थांबवून मला रागावलं, "अहो ताई, पोराला घेऊन कशाला येता रस्त्यावर?"

अगदी मावशींचंच वाक्य, नाही का?

आपली संस्कृती मुलांवर जीव टाकते, खरंच टाकते. आल्यापासून पोरगा जमिनीवर टेकलेला नाही, या कडेवरून त्या कडेवर. पण हे सगळं प्रेम घराच्या दाराच्या आत. दाराबाहेर त्याचं ओझं कुणाच्या कंबरेवर? दहा किलोचं पोर एका कडेवर आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात. "बाबागाडी हे तिकडचं खूळ" म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे केलंय? आणि तो उतार फक्त बाबागाडीसाठी थोडाच लागतो? माझे सासरे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, त्याच फुटपाथखालून काठी टेकत टँकरच्या बाजूने चालतात.

पैसे नाहीत म्हणू नका. आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून आपणच मिरवत आलोय. लोकसंख्या म्हणाल तर वोल्फ्सबुर्ग सव्वा लाखाच्या आसपास, आणि पिंपरी-चिंचवड 2011 च्या जनगणनेतच सतरा लाखांवर, मान्य. पण मग उतारांची गरज सतरा लाखांना जास्त की सव्वा लाखाला? शिवाय जमतं हेही दिसतंय. पिंपळे सौदागरला रुंद पदपथ झालेत, मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट आहेत. फक्त मेट्रोपर्यंत पोचायचं कसं ते विचारू नका.

तेव्हा पुढच्या वेळी "परक्या मुलखात पोराला नेऊ नकोस" म्हणण्याआधी एकदा मोशीला या. मी पोराला बाबागाडीत बसवते, तुम्ही ढकला, भाजी घेऊन येऊ. मात्र येण्याआधी फोन करा. गाडी सध्या गॅलरीत आहे, तिच्यातले कांदे-बटाटे काढून ठेवावे लागतील.